हेटी म्हणजे हादगा

वडनेरच्या एस.टी. स्टँडवर मला निरोप द्यायला सरपंच आले होते, आणि त्यामुळे आमची बस चुकली.

गावातली बी.ए. झालेली पहिली मुलगी लग्न होऊन पुण्याला निघाली, ही गोष्ट भाषणाशिवाय जाऊ द्यावी असं सरपंचांना वाटलं नाही. लग्न माझ्या वडिलांनी ठरवलं होतं आणि पुण्याची नोकरी नवऱ्याची होती. यात माझं कर्तृत्व एवढंच की मी नाही म्हणाले नव्हते. सरपंचांनी झेंडूचा हार आणला होता. हार एक आणि माणसं दोन. तो थोडा वेळ माझ्या गळ्याशी घुटमळला आणि अखेर नवऱ्याच्या गळ्यात पडला. भाषणात 'विद्येचं माहेरघर' तिसऱ्यांदा आलं तेव्हा हिंगणघाटच्या बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि सरपंचांचे 'दोन शब्द' संपायच्या आत तो गाडी घेऊन निघूनही गेला.

पुढची बस दुपारची होती. रडायला आलेल्या बायकांचं रडून झालेलं होतं. आता पुन्हा कसं रडायचं, हा प्रश्न पडून काही जणी घरी गेल्या आणि भात टाकून परत आल्या. मी ट्रंकेवर बसले होते. आणीबाणी उठली त्या वर्षीचा तो ज्येष्ठ महिना. माय शेजारी उकिडवी बसलेली, आणि तिच्या मांडीवर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली वाळलेली मोहफुलं.

"ओल्या जागी ठेवू नोको," ती म्हणाली. "अन् वासानं कोणी नाक मुरडलं, त मुरडू देजो."

नाक मुरडणारा माणूस वर्ध्यालाच भेटला. पुण्याच्या गाडीत समोर एक टोपीवाले गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. बाकाखाली ठेवलेल्या गाठोड्याचा तो दमट गोड वास उन्हानं वर यायला लागला, तसं त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि माझ्या नवऱ्याला अगदी हळू विचारलं, "आपण घेता का?"

"काय घेतो?" वसंतराव म्हणाले. या माणसानं तोवर सुपारीसुद्धा तोंडात टाकलेली नव्हती.

मी गाठोडं सोडून त्यांच्यापुढे धरलं. "फुलं आहेत. खाऊन पाहा."

मोहाची दारू त्यांना ठाऊक होती. मोहाची फुलं तीळ घालून कुटतात आणि त्यांचे लाडू लहान पोरंही खातात, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि करून घ्यायचंही नव्हतं. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली आणि मनमाडपर्यंत ते आमच्याशी बोलले नाहीत.

आमच्या घरी फुलांचे दोनच प्रकार मानत. एक खायची आणि दुसरी पाहुण्याच्या गळ्यात घालायची. दुसरी फुलं वाया जातात, असं मायचं मत होतं आणि ते तिनं कोणाच्याही सत्काराच्या वेळी लपवलं नाही. पावसाळ्यात कोहळ्याची पिवळी फुलं बेसनात, थंडी सरताना शेवग्याची फुलं कांद्याबरोबर परतून, चैत्रात मोह. आणि आश्विनापासून हेटी. वडनेरला राहिलेल्यांना हेटी काय ते सांगायला नको. पण आपल्यातले जे भिलाईला, मुंबईला, कुठकुठं गेले, त्यांच्या पोरांसाठी सांगते. पांढरं, चंद्रकोरीसारखं वाकलेलं, बोटाएवढं लांब फूल. त्याच्या पोटात एक कडू दोरा असतो. तो ओढून काढायचा, नाहीतर सगळी भाजी कडू होते.

आमच्या विहिरीजवळ हेटीचं झाड होतं. दुपारी शेजारच्या बायका तिथे जमत आणि सुपात फुलं घेऊन दोरे काढत बसत. ते काम होतं की आराम, हे कोणी ठरवलेलं नव्हतं. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोणाच्या गाईनं कोणाचा हरभरा खाल्ला, हे सगळं त्या सुपात पडायचं. पुरुष कडुनिंबाखाली पत्ते घेऊन असत. पत्ते नसले तर नुसते असत. आमच्या बोलीत "थे काय करून राह्यले?" या प्रश्नाला "बसून राह्यले" हे पूर्ण उत्तर आहे. बसणं ही आमच्याकडे करत राहायची क्रिया आहे.

मला ती क्रिया जमली नाही, हेही इथेच सांगून टाकते. गावाबद्दल लिहायला बसलं की सगळंच गोड आठवायला लागतं आणि मग स्वतःचाच संशय येतो. मी हेटीचे दोरे काढता काढता वाचनालयाचं पुस्तक वाचत असे, आणि त्यात निम्मे दोरे फुलांतच राहत. संध्याकाळी भाजीचा घास घेतल्यावर माय ताट माझ्याकडे सरकवायची. "हे कडू झालं. आता पुस्तकच खाय." मला तिथून निघायचं होतं. कुठे, ते माहीत नव्हतं.

पुण्याला आमच्या दोन खोल्या कोथरूडच्या बाजूला एका नव्या कॉलनीत होत्या. तेव्हा कॉलनी संपली की शेतं लागायची. वसंतराव सकाळी कारखान्याच्या बसनं जात आणि दिवेलागणीला येत. मधला दिवस माझा. वडनेरला मी ज्या निवांतपणासाठी विहिरीमागे लपायचे, तो इथे न मागता पुढ्यात येऊन पडला होता, आणि तो एवढा होता की त्याचं काय करावं कळेना. मी वाचायचे, उठायचे, खिडकीशी जायचे, परत येऊन तेच पान वाचायचे. मोहफुलं श्रावण लागायच्या आतच संपली. भूक नसतानाही मी ती डब्यातून काढून चघळत होते, कारण तेवढाच वेळ जायचा.

पुण्यात रिकाम्या वेळाला रिकामं ठेवत नाहीत, हे मला शेजारच्या देवस्थळीबाईंनी शिकवलं. त्या आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या. उंच, करारी, चालताना किल्ल्यांचा आवाज करणाऱ्या. मला मंडळात नेऊन त्यांनी सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "नाव सांगा, गाव सांगा आणि आपले छंद सांगा."

पुस्तकातला छंद मला माहीत होता. पण वडनेरला छंद लागतो तो दारूचा, नाहीतर जुगाराचा, आणि ज्याला लागतो त्याला मुलगी देत नाहीत. ऐनवेळी कानाला वडनेरचाच छंद ऐकू आला.

"मला कसलाही छंद नाही," मी घाईनं म्हणाले. "ह्यांनाही नाही."

बायका हसल्या. देवस्थळीबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला पुष्परचनेच्या गटात घातलं. तो पुष्परचनेचा काळ होता. पसरट बशी, तिच्यात एक वाळकी काटकी आणि तीन फुलं, अशा रचनांची स्पर्धा झाली. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, 'फावल्या वेळाचा सदुपयोग' या विषयावर त्यांनी आम्हा सगळ्यांचा फावला वेळ घेतला. मी टेबलांपुढून फिरत होते. एवढ्या फुलांत एकाचीही भाजी होण्यासारखी नव्हती.

श्रावणात वसंतरावांचे मामा आले. कारंज्याला हायवेवर त्यांचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. माल घ्यायला पुण्यात आले होते, आमच्याकडे मुक्काम केला. मूलबाळ नव्हतं, आणि वसंतरावांना त्यांनीच शिकवलं होतं. खाटेवर बसून त्यांनी आमच्या दोन खोल्या नजरेनं मोजल्या.

"सूनबाई, करमते का इथं?"

"हो जी," मी म्हणाले. नव्या सुनेला दुसरं उत्तर नसतं.

"दिवसभर काय करता?"

"वाचते."

"अन् वाचून झालं की?"

मी उठून खिडकीशी गेले. मामाजींनी ते पाहिलं आणि भाच्याकडे वळले. "हे पाय वसंता. माह्यामागं कोणी नाई. दुकान तुह्यासाठीच हाय. इथं दुसऱ्याच्या भोंग्यावर उठतो, तिथं आपल्या गादीवर बसशीन. सूनबाईले वडनेर जवळ पडन. पन दिवाळीपर्यंत काय थे सांग. नाई त मी साळ्याच्या पोराले बसवतो."

वसंतराव म्हणाले, "शकू म्हणेल तसं."

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. सकाळी उठल्यावर मी कारंज्याची असायचे. दुपारी ऊन उतरलं की शेतांच्या बाजूनं भटकून यायचे आणि येताना पुण्याची होऊन यायचे. वसंतरावांना दोन्ही सांगून पाहिलं.

"जाऊ या आपण कारंज्याला."

"तू म्हणशील तसं."

"नाहीतर राहूच इथे."

"तू म्हणशील तसं."

नवरा समंजस आहे असं सगळे म्हणत. मला मात्र भिंतीशी चेंडू खेळल्यासारखं वाटायचं. 'करमणूक' हा शब्द 'करमणे'वरूनच आला असणार, हे तेव्हा लक्षात आलं. मंडळात करमणूक भरपूर होती, करमणं तेवढं नव्हतं. कारंज्याला ते असेल का? वडनेर जवळ आलं म्हणजे वडनेरला असताना जे करमत नव्हतं ते करमेल का? हायवेवर रात्रंदिवस जाणारे ट्रक बघत मी काय करणार, हे मामाजींनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. दिवाळी जवळ येत होती.

अशात एक दिवस मंडईत एका बाईच्या टोपलीत हेटी दिसली. मी मोठ्यानं "हेटी!" म्हणाले.

"काय ताई?"

"ही फुलं."

"हादगा म्हनत्यात याला. कवळा हाय, भाजी करा झकास."

हेटी म्हणजे हादगा. मी तो शब्द घरापर्यंत घोकत गेले. त्या संध्याकाळी वसंतराव तीन भाकरी जेवले आणि मी त्या रात्रीपुरती पुण्याची झाले.

पुढच्याच आठवड्यात देवस्थळीबाईंनी गॅलरीतून हाक मारली. "शकुंतलाबाई, मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे हादगा आहे. यायचं हं. आणि येताना खिरापत आणा, झाकून."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. आमच्याकडे "आज आमच्या इथं हेटी हाय" एवढं म्हटलं की जेवायला बोलावणं झालं. काटकीशेजारी तीन फुलं लावणारी ही बाई हेटीची भाजी करते, मला खायला बोलावते, आणि मी हिच्याबद्दल काय काय मनात आणत होते! खिरापत म्हणजे वाटायचा खाऊ, एवढं मला माहीत होतं. झाकून कशाला, तर माश्या बसू नयेत म्हणून. भोंडला मी पुस्तकांत वाचला होता. त्यालाच हादगाही म्हणतात, हे कोणत्या पुस्तकात होतं आणि ते पान मी कधी उलटलं, देव जाणे. वडनेरला एकीच्या घरी हेटी असली की घरचीनं भाजी करायची आणि येणारीनं भजे. तेव्हा मी भजे करायचं ठरवलं. मंगळवारी सकाळीच मंडई गाठली.

"किती देऊ?" बाईनं विचारलं.

"सगळी."

दुपारभर बसून मी एकेक दोरा काढला. पुस्तक जवळ घेतलं नाही. बेसनात ओवा, तिखट, थोडं तांदळाचं पीठ घालून भजे तळले आणि मोठा डबा भरून, वर ताटली आणि तिच्यावर रुमाल टाकून, धुतलेलं लुगडं नेसून गेले.

देवस्थळीबाईंच्या अंगणात पाट मांडला होता आणि पाटावर खडूनं हत्ती काढला होता. भोवती कॉलनीतल्या बायका ठेवणीतल्या साड्यांत. स्वयंपाकाचा कसलाच वास नव्हता. देवस्थळीबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या.

"अख्ख्या मंडईत आज हादग्याचं एक फूल नाही! म्हणे कोणी बाई सकाळीच सगळी टोपली घेऊन गेली. आता हत्तीला हार कशाचा घालायचा?"

"कुणाकडे तरी मोठं कार्य असेल," दुसरी म्हणाली.

"कार्य कसलं? हावरटपणा मेला."

तेव्हा मला सगळं कळलं. हत्ती, हार, हादगा, सगळं एकदम. डबा अजून गरम होता आणि तो मला पोटाशी भाजत होता.

"मी जरा घरी जाऊन येते," मी म्हणाले.

"आता कुठे निघालात? या इकडे. धरा हात."

डबा इतर डब्यांच्या ओळीत जाऊन बसला आणि मी फेरात अडकले. गाणी वेगळी होती, पण फेर तोच. आमच्याकडे याच दिवसांत मुली भुलाबाई मांडतात, घरोघर गाणी म्हणत जातात आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायला लावतात. माझे पाय आपोआप बरोबर पडत होते आणि डोकं दाराकडे होतं. मी एकही शब्द म्हटला नाही, नुसतं तोंड हलवलं. वडनेरलाही भुलाबाईत मी हेच करायचे.

मग खिरापती ओळखायची वेळ आली. वाटली डाळ लगेच ओळखली, करंज्यांना जरा वेळ लागला. माझ्या डब्यापाशी गाडी अडली.

"गोड का तिखट?"

"तिखट."

"तळलेलं?"

"हो."

"भजी! बटाट्याची?"

"नाही."

"कांदा? घोसाळं? मिरची? मायाळू? ओव्याची पानं?"

पुण्यात जेवढ्या गोष्टींची भजी होतात तेवढ्या संपल्या. एकीनं तर केळ्यापर्यंत मजल मारली. शेवटी देवस्थळीबाई म्हणाल्या, "हरलो बाई. उघडा."

मी रुमाल काढला. देवस्थळीबाईंनी एक भजं उचललं, उजेडात धरलं, उलटंसुलटं केलं. वाकडा आकार बेसनातूनही कळत होता.

"काय आहे हे?"

"हेटी."

"हेटी म्हणजे?"

"हेटी म्हणजे हादगा."

मागे कोणीतरी पदर तोंडात कोंबल्याचा आवाज आला.

"म्हणजे ती टोपली…"

"मीच नेली."

"आणि तळलात?"

"तळला."

"हादगा तळला!" देवस्थळीबाई म्हणाल्या. मी प्रत्यक्ष हत्ती तळला असता तरी त्यांचा स्वर वेगळा निघाला नसता.

तोवर पोरांनी डबा अर्धा केला होता. त्यांना हत्तीचं सोयरसुतक नव्हतं. देवस्थळीबाईंनी पोरांच्या हातावर एक चापट मारून डबा वर उचलला. बाई नियमाच्या पक्क्या होत्या. खिरापत आधी हत्तीला. त्यांनी दोन भजे बशीत काढून पाटापुढे ठेवले, तेव्हा हार नाही पण नैवेद्य तरी हत्तीला हादग्याचा मिळाला. मग हातातलं भजं त्यांनी स्वतः खाल्लं, सावकाश, परीक्षकासारखं. बायका त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"पुढच्या वर्षी ओवा जरा कमी घाला," त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी! मी इथे दिवाळीनंतर असेन की नाही याचा मला पत्ता नव्हता, आणि या बाईनं माझा पुढच्या वर्षीचा ओवासुद्धा ठरवून टाकला होता. मला राग आला की बरं वाटलं, हे अजून नीट सांगता येत नाही.

घरी येऊन मी वसंतरावांना सगळं सांगितलं. ते हसायला लागले. आधी मिशीत, मग खाटेवर आडवे पडून. अंगणातल्या बायकांचं हसणं मी सहन केलं होतं. हे सहन होईना. भांडण असलं की आम्ही दोघंही वऱ्हाडीवर यायचो.

"हसा," मी म्हटलं. "कारंज्याले गादीवर बसून अजून हसा."

ते उठून बसले. "म्हणजे तुह्यं ठरलं? जायचं?"

"माह्यं काय ठरते? तुमाले काय पायजे थे सांगा. आजपर्यंत एकडाव तरी सांगितलं का?"

ते जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले नाई जायचं."

"काय?"

"लहानपनी सुट्टीत मामा दुकानात बसवे. दिवसभर गिऱ्हाइकाची वाट पायत बसाचं. आलं त आलं. मले बसनं जमत नाई शकू. म्हणून त इतक्या दूर नोकरी पायली."

"मंग सांगत काऊन नाई?"

"मामाले वाईट वाटन. मले वाटलं, तू नाई म्हणशीन, त…"

"त मामाजीले माह्या नावानं वाईट वाटन."

"हो," ते म्हणाले. एवढं तरी खरं बोलले.

मी कित्येक आठवडे आज पुणे उद्या कारंजा करत होते, आणि त्यांना फक्त माझ्या तोंडून एक 'नाही' हवं होतं. पण रागाच्या भरातही एक गोष्ट मला दिसली. मलाही तेच हवं होतं. ते जा म्हणाले असते तर कारंज्याला जाऊन मी त्यांना दोष दिला असता. राहा म्हणाले असते तर इथे राहून दिला असता. आम्ही दोघंही दुसऱ्याच्या निर्णयाची वाट पाहत होतो, आणि त्यालाच आम्ही एकमेकांचा मान ठेवणं म्हणत होतो. शेवटी मी एवढंच म्हटलं, की राहायचं तर राहू, पण मामाजींना तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

त्यांनी कबूल केलं.

दिवाळीला कारंज्याला गेलो. पाडव्याला दुकानात पूजा होती. बाहेर ट्रकांना झेंडूच्या माळा, आत मामाजी नवी टोपी घालून गादीवर. भाच्यासाठी त्यांनी शेजारी एक तक्क्या आणून ठेवला होता. नवा, पांढरा.

"बोल वसंता," मामाजी म्हणाले.

वसंतरावांनी तक्क्याकडे पाहिलं, बाहेरच्या ट्रकांकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. "मामा," ते म्हणाले, "शकूले आता तिथं करमून राह्यलं."

झालं. पुन्हा माझ्या नावावर. मामाजींचा चेहरा उतरला, पण माणूस रीतीचा. "हो का सूनबाई?" त्यांनी विचारलं. "करमून राह्यलं?"

'हो' म्हटलं असतं की विषय संपत होता.

"नाई जी, मामाजी," मी म्हणाले. "मले तिथं करमत नाई."

वसंतराव दचकून माझ्याकडे बघायला लागले.

"वडनेरलेई करमत नव्हतं. इथं आली तरी करमन असं वाटत नाई. मंग तिथंच नाई करमलं, त काय बिघडते? ह्यायले तिथलं काम आवडते. पन तुमाले सांगाची हिंमत होत नाई, म्हणून माह्यं नाव सांगून राह्यले."

दुकानातला नोकर हातातली उदबत्ती तशीच धरून उभा राहिला. मामाजी आधी माझ्याकडे, मग भाच्याकडे पाहत राहिले. मग त्यांना हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला. पाणी पिऊन ते म्हणाले, "वसंता, तुह्यी बायको खरं बोलते बाप्पा. तू नाई बोलत." थोड्या वेळानं त्यांनी तो पांढरा तक्क्या स्वतःच उचलला आणि आपल्या पाठीशी घेतला.

पौष सरायच्या आत साळ्याचा पोरगा गादीवर बसला.

त्यानंतर दर दिवाळीला आम्ही आधी कारंज्याला आणि मग वडनेरला जात राहिलो. मामाजींचा पहिला प्रश्न ठरलेला. चपला काढायच्या आत.

"सूनबाई, अजून करमत नाई ना?"

"नाई जी."

"मंग बरं हाय."

मला तिथे करमत नाही तोवर आम्ही त्यांचेच आहोत, असा त्यांचा हिशेब असावा. तिथे जेवढं करमत नाही तेवढे आपण अजून इकडचे आहोत. जिथे करमतं ते घर, असं सगळेच म्हणतात. माझ्यापुरतं म्हणायचं तर आपल्याला दुसरीकडे करमत नाही हे ऐकून ज्या ठिकाणच्या माणसांना बरं वाटतं, ते घर. तुम्हीही उठून गेलेले असाल तर दिवाळीत तुम्हालाही कोणीतरी हे विचारत असेल, आणि उत्तर काय द्यायचं हे तुम्हालाही ठाऊक असेल.

वर्षं गेली. कॉलनीपलीकडच्या शेतांवर इमारती उठल्या. मला एका शाळेच्या वाचनालयात काम लागलं. पुष्परचना मागे पडली, टीव्ही आला, आणि रविवारी संध्याकाळी अख्खी कॉलनी एका दिशेनं तोंड करून बसायला लागली. पुणेकरांना अखेर बसून राहता आलं. देवस्थळीबाई दर आश्विनात माझ्याकडून हादग्याची भजी मागून घेतात आणि दर वेळी त्यांत काहीतरी कमीजास्त काढतात. वडनेरच्या विहिरीजवळचं झाड एका वादळात पडलं. मायनं दुसरं लावलं. "झाड काय, येते परत," ती म्हणाली. माझ्याबद्दल असं काही ती म्हणाली नाही.

मागच्या दिवाळीला आधी वडनेर करून कारंज्याला गेलो तेव्हा मामाजी दुकानात नव्हते. घरीच होते, खाटेला टेकून. डोळे अधू झालेले. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

"सूनबाई, अजून करमत नाई ना?"

मी नेहमीसारखं तोंड उघडलं आणि लक्षात आलं, की सकाळपासून माझ्या मनात वाचनालयात नव्यानं आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे होते. कुंड्यांना पाणी घालायला देवस्थळीबाईंना सांगितलं होतं, त्या घालतील की नाही हे होतं. परतीचं तिकीट दोन दिवस अलीकडचं मिळालं असतं तर बरं, असंही मी गाडीत वसंतरावांना म्हणाले होते. हे कधी झालं, माहीत नाही. मला कोणी सांगितलं नाही.

"नाई जी," मी म्हणाले.

"मंग बरं हाय," मामाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी पुण्याला परतायला अमरावतीच्या एस.टी.त बसलो. वसंतराव खिडकीला डोकं टेकून झोपले. माझ्याजवळ पुस्तक होतं, ते उघडवेना. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. वाटेतलं तळेगाव येईपर्यंत माझ्या जिवाला चैन नव्हती. म्हणजे तसं पाहिलं, तर मी मामाजींशी खोटं बोलले नव्हते.